मचाणावर हळू बोलावे

“आधी झटक, मग घडी घाल. चुरगळा आत ठेवून वरवर नीट दिसणारी घडी घातलीस, तर सगळी चळत उकलायला लावीन, सांगून ठेवते.” आईचा हा आवाज तिच्या कानांत नव्हता, हातांत होता. कपडा हातात आला की मनगटं आपोआप वर जात, एकदा फटकन आवाज होई, आणि मगच बोटं शिवणीला शिवण जुळवायला लागत. मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखात्यात उभं आयुष्य काढल्यावर, हाताखाली बायका आल्यावर, चादरींच्या घड्या घालायचं यंत्र आल्यावरसुद्धा ही मनगटं काही सुधारली नव्हती. म्हणून त्या दिवशी भल्या सकाळी, सगळं घर डोंगरावर जायच्या गडबडीत असताना, तिने आईची बॅग उघडली ती संशयाने नव्हे. बॅग भावजयीने आदल्या दिवशीच भरून ठेवली होती, आणि भावजयीची घडी म्हणजे कोंबण्याला दिलेलं सभ्य नाव. तिने वरचा राखाडी स्वेटर उचलला, झटकला, उलटा धरला, तर गळ्याच्या आत, मानेला टोचेल अशा जागी, एक पांढरी फीत शिवलेली. फितीवर न जाणाऱ्या काळ्या शाईत आईचं नाव, आडनावासकट. तिने दुसरा कपडा काढला. त्यावरही. आतल्या कपड्यांवर, टॉवेलच्या कोपऱ्यावर, मोज्यांच्या प्रत्येक जोडीवर. खिडकीतून खाली धाकटा भाऊ बंडू गाडीत सामान भरताना दिसत होता, दुर्बिणीचा पट्टा गळ्यात आत्ताच अडकवलेला.

“फीत कशाला गं शिवलीस?” तिने विचारलं.

भावजय आरशासमोर उभी राहून कानातलं घालत होती. “अहो ताई, त्या वृद्धाश्रमात कपडे हरवतात म्हणे. त्यांनीच सांगितलं शिवायला.”

“दोन रात्रींत?”

“हरवायला कितीसा वेळ लागतो?” भावजय आरशातूनच हसली, आणि कानातल्याची फिरकी घरंगळून पलंगाखाली गेली म्हणून खाली वाकली.

तिला सगळं त्याच क्षणी कळलं होतं, हे नाकारण्यात अर्थ नव्हता. येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाच्या कपड्यांना कुठलंही धुलाईखातं हात लावत नाही. ते त्याच्या पिशवीतून येतात तसे मळके परत जातात. नाव शिवतात ते राहणाऱ्यांच्या कपड्यांवर. कारण ते सामाईक धुण्यात जातात, एकाच पाण्यात घुसळतात, आणि वाळून आल्यावर कोणाचं काय हे सांगायला मग फितीशिवाय दुसरं काही उरत नाही. तिने स्वतः असल्या किती फिती तपासल्या होत्या, आणि माणूस गेल्यावर टाका न टाका उसवून कपडे नातेवाइकांच्या हवाली केले होते. हे सगळं तिच्या डोक्यातून गेलं आणि हात घड्या घालत राहिले. चुरगळा आत ठेवून तिने बॅगेची चेन ओढली. “झालं का ताई?” खालून बंडूची हाक आली, आणि ती म्हणाली, “झालं.” अजून तिने काही खाल्लं नव्हतं, तेव्हा ते खोटं नव्हतं, घड्या खरोखरच झाल्या होत्या.

खाण्याचा आणि खोट्याचा हा संबंध घरात थट्टेचा विषय होता. शाळेत असताना तिने देवाशी एक नेम बांधून घेतला होता: उठल्यावर थोडा वेळ डोळे मिटून बसायचं, आणि पहिला घास पोटात जाईपर्यंत खोटं बोलायचं नाही. दिवसभराचं आपल्याला झेपणार नाही हे त्या वयातही तिला ठाऊक होतं, आणि देवाला मोठा वायदा करून फसवण्यापेक्षा छोटा केलेला बरा. नेम कधी मोडला नव्हता. बंडू म्हणायचा, “ताईला स्वयंपाक कसा झालाय ते विचारायचं असेल तर आधी तिच्या तोंडात काहीतरी कोंबा.” आई मात्र हसायची नाही. आईने त्या नेमाचा उपयोग करून घेतला. डॉक्टर काय म्हणाले, ती विचारायची ते सकाळी, ही पाण्याचा पेला घेऊन बसली की. म्हातारपणी तर हा छळच झाला. “काल रात्री माझा पलंग ओला झाला होता का गं? खरं सांग, अजून खाल्लं नाहीयेस.” आणि हिला म्हणावं लागायचं, “हो, झाला होता.” मग आईचं तोंड दिवसभर भिंतीकडे.

शहराच्या कडेला, मोठ्या रस्त्यापासून आत, पिवळट रंगाची ती दुमजली इमारत होती. आईला द्यायची खोली तळमजल्यावर, खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसणारी. आई पलंगाच्या कडेवर बसली, पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर, बसची वाट बघत असल्यासारखी. बंडू कचेरीत सह्या करत होता. भावजय कपाटात कपडे लावत होती. तिथल्या सेविकेने एकेक उलटून फीत बघितली आणि मान डोलावली. बंडूची मुलगी चिऊ दारातच उभी होती, कानांत गाणी ऐकायची यंत्रं, नजर जमिनीवर. न्याहारी वाटेत करायचं ठरलं होतं. आईने हिला मनगट धरून जवळ ओढलं. आईची बोटं अजून इस्त्री धरणाऱ्या बाईची होती, गरम आणि खरखरीत.

“कधी येणार म्हणालीस?”

“रविवारी.”

“तू येणार की त्यांना पाठवणार?”

“मीच येईन.”

आईने तिच्या तोंडाकडे बघितलं. डोळ्यांकडे नव्हे, ओठांकडे. “खाल्लंस का काही?”

“नाही अजून.”

“मग ठीक आहे,” आई म्हणाली आणि तिने मनगट सोडलं. “जा. डोंगरावर थंडी असेल, डोकं बांध. नाहीतर आल्यावर सर्दी मलाच द्यायचीस.”

गाडी सुटली. वाटेत एका खानावळीत थांबून त्यांनी पाव आणि अंडी खाल्ली, आणि पहिला घास गिळताना तिला चोरासारखं वाटलं. शब्द बाहेर पडून गेला होता, आणि आता त्यावर काहीतरी दडपून बसवल्यासारखा तो घास खाली गेला. रविवार. शुक्रवार तर आजच होता. रविवारी परतताना आईला उचलून घरी न्यायचं, असंच तर सगळे महिनाभर बोलत होते: ताईला किती दिवसांत बाहेर पडता आलेलं नाही, आईला दोन रात्री नीट सांभाळतील, आपण जरा डोंगरात जाऊन येऊ, अभयारण्य आहे, हवा आहे, अस्वलं दिसतात. फिती कपडे हरवू नयेत म्हणून असतील. माणसं घाबरून जास्त तयारी करतात. ती स्वतःशी असं बोलत गेली, आणि खिडकीबाहेर घरं विरळ होत गेली, मग शेतं, मग शेतंही संपली, आणि रस्ता वळणं घेत वर चढायला लागला. प्रत्येक वळणावर हवा पातळ आणि स्वच्छ होत होती. उंच सरळ झाडं अंगावर येऊन मागे जात होती. एका वळणावर दरी उघडली आणि खाली तळं दिसलं, निळंही नाही, हिरवंही नाही, कोणी न वापरलेल्या काचेसारखं. “ताई, बघ!” बंडू लहान मुलासारखा ओरडला. आणि तिने बघितलं, आणि तिला आनंद झाला. सगळ्यात कडू गोष्ट तीच होती. तिला आनंद झाला. आईचा वास, म्हणजे औषधाचा, ओल्या गादीचा, शिळ्या पावडरीचा तो वास, जो तिच्या केसांतून कामावरही तिच्याबरोबर जायचा, तो कुठल्यातरी वळणावर गाडीतून उतरला होता. त्या रात्री लाकडी खोलीत, जाड रजईखाली, ती अशी झोपली की सकाळी उठल्यावर आपण कोण आणि कुठे हे आठवायला वेळ लागला. कोणी हाक मारली नव्हती. कोणी भिंतीवर काठी आपटली नव्हती. पापणी न पापणी हलकी होती. डोळे मिटून बसली तेव्हा देवाला काय म्हणावं ते सुचेना; आभार मानावेत तर ते कशाबद्दल, हा प्रश्न आला, आणि तिने तो तसाच घडी करून ठेवला.

शनिवारी फिरायला निघायच्या आधी अभयारण्याच्या फाटकापाशी सगळ्यांची तपासणी झाली. भडक कपडे चालणार नव्हते, प्राणी बिचकतात. तिचा पांढरा स्वेटर वाटाड्याने मान हलवून नाकारला आणि तिथल्या गठ्ठ्यातलं एक मातकट जाकीट तिच्या हातात दिलं. तिने सवयीने ते झटकलं. नीट धुतलेलं नव्हतं, नुसतं पाण्यातून काढून वाळवलेलं. भावजय खिदळली, “ताई, तुम्ही आता झाडासारख्या दिसता.” “झाडंच होतो आपण घरात,” बंडू म्हणाला, “एका जागी उभे.” आणि सगळे हसले, तीही. उघड्या जीपमधून जाताना दोनदा हरणं दिसली, एकदा कड्यावर रानबकरे, इतके वर आणि इतके निवांत की त्यांच्याकडे बघताना तिनेच जीपची कड धरून ठेवली. दुर्बीण एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जात होती. चिऊ आज यंत्रं काढून बसली होती, गालांवर वाऱ्याने रंग आला होता. ती मध्येच वळून म्हणाली, “आत्तू, तुला कुठला रंग आवडेल? बाबा म्हणतात फिका हिरवा, मला वाटतं तुला निळा.”

“कशाचा रंग गं?”

“तुझ्या खोलीचा. भिंतींना.”

जीप एका खड्ड्यातून गेली, सगळे उसळले. भावजयीने चिऊकडे बघितलं. बघितलं म्हणजे काय, नुसती मान वळवली; पण चिऊने लगेच यंत्रं कानांत घातली. तिची खोली म्हणजे तिची आणि आईची खोली. दोन पलंग, मध्ये एक माणूस तिरका होऊन जाईल एवढी वाट. त्या भिंतींना रंग लावायचा तर आईचा पलंग बाहेर काढावा लागेल, आणि गेल्या खेपेला बंडूच म्हणाला होता, आता आई असेपर्यंत रंग नको. तिने दुर्बीण मागून घेतली आणि डोळ्यांना लावली. काच फिरवायचं विसरली. धुकं दिसलं, आणि त्या धुक्याकडे ती बराच वेळ लक्ष देऊन बघत बसली.

मचाण म्हणजे खांबांवर उभी केलेली लाकडी खोली होती. एका बाजूला पाठ टेकायला फळी, दुसऱ्या बाजूला डोळ्यांच्या उंचीवर लांबलचक फट, फटीपलीकडे उतार आणि उताराखाली ओढा. दारावर पाटी: हळू बोलावे. वाटाड्याने तेच बोट ओठांवर ठेवून सांगितलं. आत आधीच काही माणसं होती, एक म्हातारं जोडपं, कॅमेऱ्याला मांडीवर बाळासारखं घेऊन बसलेला एक जण. भावजय आणि चिऊ पलीकडच्या टोकाला सरकल्या. बंडू तिच्याजवळ बसला, इतका जवळ की लहानपणी एका पांघरुणात झोपायचे ते आठवावं. त्याच्या अंगाला साबणाचा वास होता. तो फटीतून बाहेर बघत राहिला, आणि तसाच बाहेर बघत, श्वासावर बोलावं तसं बोलला, “ताई, आई तिथंच राहील आता.”

“म्हणजे?”

“म्हणजे तिथंच. जागा मिळाली हे नशीब समज. लोक वाट बघत बसतात.”

“मी रविवारी येते म्हटलंय तिला.”

“रविवारी आपण इथं आहोत. सोमवारी निघायचं. आणि ते लोक म्हणतात, पहिला महिनाभर भेटायला येऊच नका. नाहीतर सवय लागत नाही.”

“बंडू, मी तिला—”

“श्श!” कॅमेरावाला वळला. म्हाताऱ्या जोडप्यातल्या बाईने कपाळाला आठ्या घातल्या. पलीकडून भावजयीने इकडे बघितलं आणि चटकन ओढ्याकडे.

“हळू ना, ताई,” बंडू म्हणाला.

तेव्हा तिला कळलं की डोंगर कशासाठी होता. घरात ती ओरडली असती. रडलीही असती, दार आपटलं असतं, शेजारी आले असते, आईने भिंतीवर काठी आपटली असती. गाडीत ती थांबवायला लावून उतरली असती. सगळ्या जगात मोठ्याने बोलता येत नाही अशी जागा त्याने शोधून काढली होती, आणि तिथं तिला मातीच्या रंगाचं जाकीट घालून आणून बसवलं होतं. कदाचित त्याने असं मुद्दाम ठरवलं नसेल. कदाचित त्याला नुसतं एवढंच वाटलं असेल की इथं सांगणं सोपं जाईल. पण सोपं कोणाला? ती फळीला पाठ लावून बसली. आणि मग जे झालं ते तिला नंतर देवासमोरही नीट मांडता आलं नाही. ओल्या चादरींचा मोठा गठ्ठा दोघींनी मिळून उचलायचा असतो. कधी एकटीला उचलावा लागला, आणि यंत्रापाशी नेऊन टाकला, की रिकामे झालेले हात आपल्याआपण वर तरंगायला लागतात, आपण न उचलता. तसे तिचे हात, सगळं अंगच, वर तरंगलं. तिथंच राहील. म्हणजे रात्री उठायचं नाही. म्हणजे चोरीचा आळ नाही, “माझा स्वेटर तूच लपवलास” नाही, ताटाला पायाने सरकवणं नाही. दोन पलंगांमधली वाट रुंद होईल. भिंत निळी होईल. हे सगळं एका श्वासात तिच्यातून गेलं, आणि जाताना इतकं गोड वाटलं की तिने डोळे मिटले.

“खोली तुला एकटीला,” बंडू पुटपुटत होता. “तुझंच वय काय राहिलंय आता? जरा माणसासारखी जग.”

“तिला सांगितलंस?”

“काय सांगायचं? ती ऐकणार आहे?” मग त्याचा आवाज बदलला, खालीच होता पण त्यात काहीतरी जुनं, न धुतलेलं वर आलं. “मला मामाकडे ठेवलं तेव्हा काय सांगितलं होतं तिनं? चार दिवसांनी येते. बाबा आजारी होते, कबूल. पण चार दिवस म्हणाली ना? मी मामाच्या पायरीवर बसायचो. शाळेचं वर्ष गेलं तसं बसून. आली तेव्हा मी तिला मामी म्हणालो, तुला आठवतं? आणि ती हसली. सगळ्यांना सांगत सुटली, बघा, पोरगं मला मामी म्हणतं.”

तिला आठवत होतं. तिला हेही आठवत होतं की हसल्यावर आई स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आलीच नाही. पण ते बंडूला सांगायला आवाज लागला असता, आणि इथं आवाज नव्हता. आणि सांगून तरी काय? पायरीवर तो बसला होता, आई नव्हे. त्याचा हात शेजारी फळीवर पडला होता, आता केस पांढरे झालेला पुरुषाचा हात, आणि तिला एकाच वेळी तो उचलून कुरवाळावासा वाटला आणि चावावासा वाटला.

तेवढ्यात मचाणातली सगळी माणसं एकदम पुढे वाकली. ओढ्यापलीकडच्या झुडपांतून अस्वल बाहेर आलं होतं. मोठं, तपकिरी, मागच्या पुठ्ठ्यावर केसांच्या जटा झालेल्या, पोटाला चिखल. ते पाण्यात उतरलं, दगड उलटून काहीतरी शोधायला लागलं, पुन्हा वर आलं, झाडाला पाठ घासली. कॅमेरा दाणे टिपणाऱ्या चिमणीसारखा टिकटिकत होता. चिऊने दोन्ही हात तोंडावर धरले होते, डोळे भरून आले होते. बंडूही पुढे झुकला होता, ओठ किंचित उघडे, आणि क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर ना आई होती ना मामाची पायरी. “मादी आहे,” वाटाड्या कुजबुजला, “दोनदा गावात शिरली, दोनदा पकडून आणून सोडली.” कोणीतरी हळहळलं. ती बघत होती. तिला त्यात आईही दिसली नाही आणि आपणही दिसलो नाही. अस्वल होतं ते, त्याचे केस कोणी विंचरले नव्हते, आणि त्याला कोणाला काही सांगायचं नव्हतं. ते गेलं तेव्हा सगळ्यांनी एकमेकांकडे बघून मान हलवली, लग्नाहून परतणाऱ्या माणसांसारखी, आणि म्हाताऱ्या बाईने हिच्या खांद्यावर थोपटून म्हटलं, “आलात त्याचं चीज झालं, नाही?” “हो, झालं,” ती म्हणाली. दुपार उलटून गेली होती, केव्हाचं खाऊन झालं होतं.

संध्याकाळी जेवणघराच्या मोठ्या खिडकीपाशी भावजय तिच्या समोर येऊन बसली. बंडू आणि चिऊ दुकानात खेळण्यातली अस्वलं बघत होते. भावजयीने कपाभोवती दोन्ही हात धरले होते. नखं आखूड कापलेली, बोटांच्या पेरांना साबणाने भेगा पडलेल्या. तिला त्या भेगा ओळखीच्या होत्या. दिवसपाळीला ही इस्पितळात असायची तेव्हा आईचं सगळं कोण करत होतं? रात्र हिची, दिवस तिचा; दोघींनी एकच गठ्ठा दोन टोकांनी धरला होता आणि एकमेकींकडे कधी बघितलं नव्हतं.

“ताई, रागावलात?”

“नाही गं.”

“आम्ही वाईट नाही हो.” भावजयीने कप खाली ठेवला. “परवा आईंनी मला थोबाडीत मारली. मी यांना सांगितलं नाही. नंतर माझाच हात धरून म्हणाल्या, बाई, तू कोणाची कोण, किती करतेस माझं. आता सांगा, मी रडू की हसू?”

“दोन्ही कर,” ती म्हणाली, आणि दोघी खरंच थोड्या हसल्या. मग भावजय रडली, रुमाल शोधत. हिने टेबलावरचा कापडी रुमाल उचलून, झटकून तिला दिला. कोणाचीच चूक नव्हती. हेच तर कडू होतं. कोणाची चूक असती तर तिच्यावर बोट ठेवून मोकळं होता आलं असतं. चूक वाटून घेतली की सगळ्यांच्या वाट्याला थोडी थोडी येते, ती कोणालाच जड वाटत नाही, आणि तिकडे तळमजल्यावरच्या खोलीत एक बाई पर्स मांडीवर घेऊन बसून राहते.

रात्री झोप आली, हीसुद्धा एक शरमेची गोष्ट. पण पहाट व्हायला लागली तसे डोळे आपोआप उघडले. ती खिडकीपाशी जाऊन मांडी घालून बसली. डोंगर अजून नुसते कडा होते. कालचं वर तरंगणारं अंग तिच्याजवळच होतं, पळालं नव्हतं; देवासमोर तिने ते लपवलं नाही. मला ती नको आहे, तिने म्हटलं. माझं प्रेम कुठं गेलं मला माहीत नाही, बहुतेक धुण्यात गेलं. नुसता शब्द उरलाय. पण नुसता शब्द उरलाय असं म्हटल्यावर तिला जाणवलं की तो तर उरलाय. प्रेम असतं तर त्याला न जायची कारणं सुचली असती, आईच्याच भल्याची, सवयीची, सोमवारची. शब्दाला कारणं सुचत नाहीत. तिने कपडे चढवले, पिशवी भरली, बूट हातात घेतले आणि चिऊच्या पलंगाला वळसा घालून दार ओढून घेतलं.

व्हरांड्यात बंडू होता. कठड्याला टेकून सिगरेट ओढत, घरात सोडली असं सांगितलेली. त्याने तिच्या पिशवीकडे बघितलं आणि सिगरेट लपवायचंही विसरला.

“कुठं निघालीस?”

“फाटकापासून पहिली बस जाते म्हणाला वाटाड्या.”

“आणि पुढे? आणशील घरी? बघणार कोण? तू दिवसभर कामावर, ही थकली, मी...” त्याने हात हवेत फिरवला. “कुठं ठेवणार आहेस तिला?”

“माहीत नाही.”

“मग जातेस कशाला?”

“येते म्हटलं होतं.”

तो हसला, पण हसू अर्ध्यात विझलं. दरीतून धुकं वर येत होतं आणि खालच्या झाडांची टोकं एकेक करून नाहीशी होत होती. “मी नेतो ना तुला,” तो म्हणाला, आता त्याच्या आवाजात ओढ होती, पायरीवरच्या पोराची. “उद्या जाऊ. मी स्वतः गाडी तिकडे वळवतो, शपथ. एका दिवसाने काय बिघडतंय?”

ती कठड्यावर बसून बूट घालू लागली. नाडी ओली होती, बोटांना गार लागली. तिने त्याच्याकडे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर त्याच्या उद्यावर विश्वास बसला असता. तो खरंच नेईलही, आणि तिथं जाऊन आईच्या दारातून हात हलवून परत आणील.

“ताई,” तो शेवटी म्हणाला, अगदी हळू, आता कोणी गप्प करणारं नव्हतं तरी हळू, “ती विसरली असेल गं एव्हाना. रविवार काय, तू येणार होतीस काय. तुला ओळखेल की नाही कोणास ठाऊक.”

“विसरली असेल,” ती म्हणाली.

नाडीची गाठ घट्ट करून ती उठली, पिशवी खांद्याला लावली आणि पायऱ्या उतरली. फाटकापाशी कोणी नव्हतं, बसही नव्हती. पाटीखाली एक ओला बाक तेवढा होता. ती बाकावर बसली नाही. उताराचा रस्ता पुढे वळणापर्यंत स्पष्ट दिसत होता, त्यापलीकडे धुकं. बस येईल तेव्हा मागून येऊन गाठेल, असा विचार करून ती चालायला लागली.